म्हशीचं औषध

झाडाला आवतण द्यायचं ते आदल्या सांजेला. हळदकुंकू वाहायचं, चार अक्षता टाकायच्या, ज्याच्यासाठी मुळी न्यायची त्याचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, उद्या न्यायला येते, राग धरू नको. एवढं न करता कुदळ लावली तर मुळी निघते, पण गुण जागच्या जागी राहतो. ठकुबाईला हे सासूनं शिकवलं होतं. सासूनं आणखी दोन गोष्टी बजावल्या होत्या. कुणी मागितल्याशिवाय औषध द्यायचं नाही, आणि दिल्यावर उपकाराचा शब्द ऐकून घ्यायचा नाही. सासू जाऊन अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत वेल्ह्याकडच्या सहा-सात वाड्यांतल्या बाळंतिणी ठकुबाईच्या शतमुळीवर, म्हणजे शतावरीवर, उठल्या होत्या, आणि तिनं तिन्ही नेम पाळले होते.

आज मात्र ती कुणी न मागता झाडापुढं बसली होती.

सन अडतीसचा मार्गशीर्ष. तोरण्याच्या सावलीनं निम्मी वाडी झाकली होती. शतमुळीचा वेल करवंदीच्या जाळीवर चढलेला, हिरव्या पिसांसारखा, बारीक काट्यांचा. शेंडे शेरडांनी खाल्लेले. सावळाराम दहा पावलांवर धोंड्यावर बसला होता. बायको हळदकुंकवाची वाटी पदराखाली घेऊन निघाली तेव्हा तो मुकाट्यानं मागून आला होता. आता त्याला राहवेना.

"कुनी मागितलं गं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"मग काय मग? तुमी तिकडं बघा."

सावळाराम तिकडं बघू लागला. पण कान इकडेच होते.

"सखूसाठी नेते गं माये," ठकुबाई झाडाला म्हणाली. "गेनू भावजींच्या सखूसाठी. आट दिसांची बाळंतीन हाय, उरात थेंब न्हाई. अजून कुनी मागितलं न्हाई. मागत्याल का न्हाई, ठावं न्हाई. पर मी उद्या येनार. काय चुकत आसंल तर माझ्या अंगावर घाल. लेकरावर नको."

हे बोलताना तिचा आवाज फाटला. कारण लेकरावर एकदा येऊन गेलं होतं. दोन वर्षांमागं सखूचं पहिलं बाळंतपण शिवऱ्याला माहेरी झालं. मुलगा झाला, दूध आलं नाही, चौदाव्या दिवशी पोर गेलं. औषध मागायला शिवऱ्याहून कुणी आलं नव्हतं आणि नेमाला धरून ठकुबाई आपण होऊन गेली नव्हती. गेनू परत आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "शिवरं काय काशीला हाय व्हय, वैनी? तुमच्या हातात औषध हुतं. आता जल्मात तुमच्या औषधाचं नाव घ्यायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यानं रानातून कारवीचे भारे आणले आणि अंगणाच्या मधोमध कूड घातला. कूड म्हणजे काट्याकाटक्यांची भिंत. पण भावाभावांत आली की तटबंदीच. एका चुलीच्या दोन चुली झाल्या.

ठकुबाईनं तेव्हा उलट शब्द काढला नव्हता. काय काढणार? नेम पाळला होता आणि पोर गेलं होतं. आता कुडाच्या पलीकडून दुसऱ्या लेकराचं रडणं रोज ऐकू येत होतं, आणि रोज थोडं बारीक होत चाललं होतं.

*

गेनूच्या दारातून वैनीच्या दारापर्यंत पूर्वी पंधरा पावलं होती. कूड घातल्यापासून गोठ्याला वळसा घालून जावं लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेनू तो वळसा तीनदा चालला आणि तीनदा परत फिरला.

घरात हैबती धनगरानं दिलेलं शेळीचं दूध होतं. पाणी घालून, कापसाच्या बोळ्यानं पाजत होते. मुलगी दोन बोळे चोखी आणि ओकून टाकी. काल संध्याकाळपासून तिनं मूठ वळणं सोडलं होतं. गेनूला सगळं कळत होतं. फक्त 'जल्मात नाव घ्यायचा न्हाई' हे वाक्य घशात हाडकासारखं अडकून बसलं होतं. माणूस रागात बोलतो ते एका क्षणात, आणि ते गिळायला दोन वर्षं पुरत नाहीत.

चौथ्या खेपेला तो गेला. ठकुबाई ओसरीवर होती. कुदळ आणि पाटी शेजारी तयार. सावळाराम तंबाखू मळत बसला होता.

"वैनी," गेनू म्हणाला आणि थांबला. दोन वर्षांत हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता.

"या भावजी."

"ती... म्हैस."

"म्हैस?"

"व्हय. म्हैस. आट दिस जालं व्याली त्येला. दूधच उतरंना."

सावळारामचा हात तंबाखूवर थांबला. गेनूनं वैशाखात म्हैस देऊन बैल आणला होता, आणि तो बैल निवडायला स्वतः सावळारामच गेला होता. भाऊ बोलत नव्हते, तरी बैल कळतो तो सावळारामलाच. गेनूच्या गोठ्यात आता शेपटी वर करून पाहिलं तरी म्हैस सापडली नसती.

"कंची म्हैस रं?" त्यानं विचारलं.

ठकुबाईनं नवऱ्याकडं अशी नजर टाकली की तो लगेच पुन्हा तंबाखू मळू लागला.

"कितवं वेत?" तिनं गेनूला विचारलं.

"दुसरं."

"पयल्या टायमाला दूध हुतं?"

"नव्हतं."

"मग पयलं?"

गेनू जमिनीकडं बघत राहिला. "पयलं गेलं," तो म्हणाला. आणि हे म्हशीचं म्हणून सांगायला आलेल्या माणसाचा आवाज नव्हता.

ठकुबाईला वाटलं, उठावं, ह्याच्या डोक्यावरनं हात फिरवावा. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शेंबडा पोर तिच्या परकराला धरून विहिरीवर यायचा. पण आता हात फिरवला असता तर म्हैस उघडी पडली असती. ती बसल्या जागीच राहिली.

"रेडकू तोंड लावतंय का?"

"लावतंय. चोखतंय, आन मग रडतंय."

"लावतंय न्हवं, मग भ्यायचं न्हाई. ऐका. म्हशीला सांगा, दूध येऊ दे न्हाईतर न येऊ दे, रेडकू सारखं उराशी धरायचं. बोळा मागनं. आधी ऊर. म्हशीच्या डोस्क्याला फडकं बांधा, मार्गशीर्षाचं वारं हाय. गार पानी देऊ नका. आन म्हशीला रडू देऊ नका."

"बरं."

"म्हशीपाशी कोन बसतंय?"

"मामी आल्यात शिवऱ्याहून."

"मग बरं जालं. दुपारच्याला मुळी आनून देते. म्हशीचं नाव काय?"

गेनूनं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "सखू," तो म्हणाला आणि वळसा न घालता, समोरच्या कुडावर जाऊन आदळला. मग गोठ्याकडून गेला.

तो दिसेनासा झाल्यावर सावळारामनं विचारलं, "मागितलं ते म्हशीसाठी. मग तुझा नेम राहिला का मोडला?"

"राहिला," ठकुबाई पाटी उचलत म्हणाली. काल आवतण देऊन आलेला जीव आता इतका हलका झाला होता की तिला चढण जाणवली नाही. "देवानं मागाया तरी लावलं. झाडाला म्हशीतलं माणूस कळतं, तुमाला कळत न्हाई."

*

मामी म्हणजे भामाबाई, सखूची आई. हमरस्त्यावरच्या शिवऱ्याची. रोज चार मोटारी दारावरनं जाणाऱ्या गावची बाई, त्यामुळं डोंगरातल्या झाडपाल्याला ती नाक मुरडायची. पण सध्या ते नाक खाली होतं. पहिला नातू तिच्या घरात गेला होता.

दुपारी कुडाच्या पलीकडून हाक आली. "इहीनबाई, घमेलं हाय का जवळ?"

"हाय."

"मग हात पुरतोय का बघा."

कुडाच्या वरून एक बोचकं आलं. आत बोटभर लांबीच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या मुळ्या, मातीनं माखलेल्या. भामाबाईनं त्या धुतल्या आणि तशाच पाट्यावर घेतल्या. वरवंट्याचा पहिला आवाज होताच पलीकडून ओरड आली.

"वाटू नका! वाटू नका! आधी सोला!"

"तुमाला तिकडनं काय दिसतंय?"

"ऐकू येतंय. दोरा वाटल्याचा आवाज येगळा येतो. साल काढा, मग मुळी मधनं चिरा आन आतला दोरा वढून काढा. दोरा राहिला तर पोटात धरतोय."

भामाबाईनं एक मुळी सोलली. आतून ती पांढरीशुभ्र निघाली. मधला दोरा मात्र तिला काढता येईना. ओढला की तुटे. दोन मुळ्या वाया गेल्या, तिसरी घसरून मातीत पडली. ती उठली, कुडापाशी गेली आणि कारवीच्या चार काटक्या कडाकडा मोडून काढल्या. हात जाईल एवढं भोक पडलं.

"तुमीच काढा बाई, मला न्हाई जमत," तिनं भोकातून मुळ्या पुढं केल्या.

पलीकडून ठकुबाईचा हात आला. ती मुळी घ्यायची, अंगठ्याच्या नखानं चीर द्यायची, दोरा एका झटक्यात काढायची आणि परत द्यायची. बराच वेळ दोघी नुसत्या मुळ्या देत-घेत राहिल्या. भामाबाईला तो हात दिसत होता. तळव्यावर घट्टे, मनगटात दोन पिचकी काकणं.

"इहीनबाई," भामाबाई एकाएकी म्हणाली, "म्हशीच्या औषधाला गूळ-तूप घालत्यात का वो?"

"ह्या म्हशीला घालायचं. गाईच्या दुधात उकळा, निम्मं आटवा, गाळून द्या. सकाळ-सांज."

भामाबाई हसली, आणि हसता हसता रडू लागली. तिनं तो हात भोकातच धरून ठेवला.

"तवा सखू मला तुमालाच बोलवाया सांगत हुती. आई, अक्कांना बोलवा. तीनदा म्हनली. म्या म्हनलं, रस्त्यावरच्या गावात काय डाक्तर मिळत न्हाई व्हय? डोंगरातली बाई काय करनार? म्या मानूस धाडलं न्हाई. जावयबापू तुमाला बोलले, तुमी ऐकून घेतलं. म्या त्येंना दोन वर्सं खरं सांगितलं न्हाई."

ठकुबाईला हे नवीन होतं. राग यायला हवा होता, आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त एक वेगळीच गोष्ट झाली. तिनं दोन वर्षं जे ओझं आपलं एकटीचं म्हणून वागवलं होतं, ते वाटून घ्यायला कुणीतरी निघालं होतं.

"म्या बी आले न्हाई," ती म्हणाली. "बोलवलं न्हाई तरी चालत यायला पाय मला हुतं. आता ऱ्हाऊ द्या. हात सोडा, दूध उतू जाईल."

*

तिसऱ्या दिवशी सखू उन्हात भिंतीला टेकून बसली होती. मुलगी उराशी. अक्कांनी 'म्हशीला' सांगितलं होतं तसं ती दोन दिवस तिला खाली ठेवतच नव्हती. औषध कडवट-गोडूस लागे. ते पिताना दर वेळी तिला पहिल्या मुलाची आठवण होई, आणि आठवण झाली की रडू येई, आणि रडायचं नाही अशी सक्त ताकीद असल्यामुळं ती पदर दातात धरून बसे.

आधी पाठीत एक कळ आली. मग चोळी ओली लागली. तिला वाटलं मुलगी ओकली. बघते तर मुलगी गटागटा गिळत होती. चक्क आवाज येत होता. एक घोट, दुसरा घोट, मग ठसका, आणि ठसका लागला म्हणून रागावून पुन्हा तोंड खुपसणं. आणि इवलीशी मूठ सखूच्या काळ्या पोतीभोवती घट्ट वळली होती.

सखूनं कुडाच्या भोकाकडं तोंड करून हाक मारली. "अक्का! ओ अक्का!"

"काय गं?" पलीकडून धावत आल्याचा आवाज.

सखूला खूप बोलायचं होतं. अक्का, तुमच्या पायाचं तीर्थ घेते. अक्का, तुमी माझी आई. पण उपकाराचा शब्द चालत नाही हे तिला ठाऊक होतं. औषधाचा गुण जाईल ही भीती कोणत्या आईला नसते? ती एवढंच म्हणाली,

"म्हशीला पान्हा फुटला!"

पलीकडून कोणीतरी नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि मागून सावळाराम विचारत होता, "काय जालं? काय जालं? आगं सांग की!"

*

बारशाची बाराव्या दिवशी कुणाची छाती झाली नव्हती. ते एकविसाव्या दिवशी केलं. मुलीचं नाव ठेवलं रतन. घुगऱ्या वाटल्या. ठकुबाई आणि सावळाराम गोठ्याचा वळसा घालून आले आणि पाहुण्यासारखे कडेला बसले. गेनू वैनीच्या आसपास घुटमळत होता. घुगऱ्या दोनदा वाढल्या, पाणी तीनदा विचारलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलायची सोय नव्हती.

"रेडकाचं नाव झ्याक ठिवलं हो," सावळाराम म्हणाला. गेनू कानापर्यंत लाल झाला, बायका हसल्या.

भामाबाई मात्र हसली नाही. ती पाळण्याची दोरी धरून बसली होती.

"म्या एक इचारते," ती म्हणाली. "आमच्या शिवऱ्याकडं बी मुळीला आवतण देत्यात. आदल्या सांजंला. तुमच्याकडं?"

"आमच्याकडं बी आदल्याच," सावळाराम म्हणाला, आणि बायकोनं कोपर मारलेलं त्याला उशिरा कळलं.

"मग जावयबापू, तुमी वैनींकडं गेला कवा?"

"त्या दिशी सकाळी."

"आन मुळी माझ्या घमेल्यात पडली त्याच दुपारी. मग आवतण कवा दिलं?"

ठकुबाई उठू लागली. "चुलीवर काय तरी लागतंय वाटतं," ती म्हणाली. चुलीवर काहीच नव्हतं.

"बसा, इहीनबाई. आज मी बोलनार." भामाबाईनं दोरी सोडली. "जावयबापू, तवा सखू अक्कांना बोलवा म्हनत हुती. म्या मानूस धाडलं न्हाई. दोष माझा, बोल त्येंनी खाल्लं. आन आता तुमी मागायच्या आदीच ह्या बाईनं सासूचा नेम मोडून झाडाला आवतण दिलं. का ते तुमीच इचारा."

गेनू वैनीकडं बघत राहिला. चार खेपा घातलेली ती सकाळ त्याला आठवली. ओसरीवर कुदळ आणि पाटी तयार होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, शेतावर निघाली असेल.

"वैनी, तुमी..."

"भावजी," ठकुबाई घाईनं म्हणाली, "पुढचा शब्द काढू नका. लेकरू अजून मुळीवर हाय."

गेनूनं तोंड मिटलं. तो उठला, अंगणात गेला. मग कडाकड आवाज येऊ लागला. सगळे बाहेर आले तर तो कूड उपटत होता. काटक्या मोडत नव्हता. एकेक सोडवून नीट रचत होता. सावळाराम थोडा वेळ बघत उभा राहिला, मग त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. दोघा भावांनी तासाभरात अंगण मोकळं केलं. मध्येच एकदा सावळाराम म्हणाला, "हितली मेख लई खोल ठोकलीस रं," आणि गेनू म्हणाला, "व्हय दादा, तवा लई जोर हुता."

उन्हं कलती झाल्यावर गेनूनं त्या काटक्यांचा भारा डोक्यावर घेतला. "वैनी, चला जरा."

शतमुळीपाशी दोघं आली. ठकुबाईनं एका बाजूच्याच मुळ्या काढून मधला गड्डा तसाच ठेवला होता. वर माती ओढली होती; तिच्यावर कुंकवाचा डाग आणि एक-दोन अक्षता अजून होत्या. गेनूनं गड्ड्याभोवती कारवीच्या काटक्या रोवायला सुरुवात केली. हैबतीच्या शेरडांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच, इतक्या दाट. ठकुबाई काटक्या धरत होती, तो धोंड्यानं ठोकत होता. कुंपण पुरं झालं तसा तो झाडापुढं गुडघ्यावर बसला आणि हात जोडले.

"माये," तो झाडाला म्हणाला, "तू न मागता आलीस. मी लाजंकाजं म्हशीचं नाव सांगितलं, तरी माझ्या सखूला पावलीस. माझी रतन तुझी हाय. दोन वर्सं मी तुला नगं नगं ते बोललो. तू आईच्या मागं मला वाढवलंस, न्हाऊ घातलंस, आन मी तुझ्या दारात कूड घातला. तुझं उपकार ह्या जल्मात फिटायचं न्हाईत. फेडायचं बी न्हाईत मला. ऱ्हाऊ देत अंगावर."

ठकुबाई पाठीमागं उभी होती. तिला बोलला असता तर थांबवणं भाग होतं. पण तो झाडाशी बोलत होता, आणि झाडाला बोललेलं ऐकू नये असं सासूनं कधी सांगितलं नव्हतं. तिनं शब्दन्‌शब्द ऐकून घेतला.

गेनू डोळे पुसून उठला. "ऐकलं आसंल का वो त्येनं?"

"झाडानं? ऐकलं की."

"आन तुमी?"

"मी?" ठकुबाईनं उरलेली एक काटकी उचलली आणि कुंपणात जागा नव्हती तरी खोचून दिली. "म्या तर काटक्या धराया आलेय."